झाडांच्या गोल्फ कोर्सवर खेळताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवार खेळणारे आणि नुकताच क्लब हातात घेतलेले, अशा दोघांकडूनही येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक प्रश्न आहेत, नंतर वाद घालायला लावणारे. नियमांची उत्तरं २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार दिली आहेत. तरी प्रत्येक कोर्सचे स्वतःचे लोकल रूल असतात आणि ते स्कोअरकार्डाच्या मागे छापलेले असतात. पहिल्या टीवर (होल जिथून सुरू होतं ती जागा) जाण्याआधी कार्ड उलटून बघा. बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

१. नाशिकच्या 'गोल्फ क्लब'वर गोल्फ खेळता येतं का?

नाही. यात हसण्यासारखं काही नाही, बदलून आलेली माणसं हे खरंच विचारतात. रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हटलं की तो जिथे सोडतो, ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने झाले आहेत आणि सकाळ-संध्याकाळ जॉगिंग ट्रॅकवर अर्धं शहर चालत असतं. नाव इंग्रजांच्या काळातलं. ते टिकलं, खेळ गेला.

गोल्फसाठी शहराबाहेर पडावं लागतं. लष्कराच्या हद्दीतल्या कोर्सवर परवानगी किंवा ओळखीच्या सदस्याची सोबत लागते. खासगी कोर्सवर आधी फोन करून टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घ्यावा. आपल्याकडचे बरेच जण पुण्या-मुंबईलाही जातात. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स असो की चेंबूरचा १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, झाडं सगळीकडे आहेत. त्यामुळे खालची उत्तरं तिथेही चालतील.

२. पार्कलँड कोर्स म्हणजे नक्की काय? लिंक्सपेक्षा वेगळा कसा?

लिंक्स समुद्रकाठचा. वाळूची जमीन, झाडं जवळजवळ नाहीत, वारा भरपूर आणि जमीन कडक, त्यामुळे बॉल पडल्यावर लांबवर घरंगळत जातो. स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. पार्कलँड कोर्स समुद्रापासून दूर, आतल्या भागात असतो. पाणी घालून राखलेलं हिरवळीचं फेअरवे (कापलेल्या गवताची मधली पट्टी), दोन्ही बाजूंना मोठी झाडं, मऊ ग्रीन (झेंडा आणि भोक असलेला गुळगुळीत भाग). इथे बॉल हवेतून न्यायचा आणि पडल्यावर थांबवायचा. टीव्हीवर दर एप्रिलला दिसणारं अमेरिकेतलं ऑगस्टा याच जातीचं.

खेळताना फरक असा पडतो: लिंक्सवर तुम्ही वाऱ्याशी खेळता, इथे कोनाशी. फेअरवेच्या कुठल्या बाजूला बॉल पडला, यावर पुढचा शॉट मोकळा की फांदीखालून हे ठरतं.

३. पार ३, ४, ५ हे कशावरून ठरतं? एक राऊंड किती वेळ चालतो?

पार म्हणजे त्या होलवर अपेक्षित फटके (स्ट्रोक). ठरतो तो मुख्यतः लांबीवरून. पुरुषांसाठी साधारण २६० यार्डांपर्यंत पार ३, २४० ते ४९० पार ४ आणि ४५० ते ७१० पार ५. आकडे एकमेकांवर चढतात, कारण चढ-उतार आणि वळणंही धरली जातात. अठरा होलचा कोर्स बहुधा पार ७२ किंवा त्याच्या आसपास असतो. नऊ होलचा असेल तर तोच दोनदा खेळतात, कधी दुसऱ्या फेरीला वेगळ्या टीवरून. चौघांच्या गटाला चार ते साडेचार तास लागतात. झाडांत शोधाशोध वाढली की पाच. मागचा गट ताटकळत असेल तर त्यांना पुढे जाऊ द्या.

४. सुरुवातीला किती क्लब घ्यावेत?

बॅगेत जास्तीत जास्त १४ चालतात, पण शिकताना सात-आठ पुरे: एक हायब्रिड (लांबच्या शॉटला), ५, ७, ९ नंबरचे आयर्न (नंबर मोठा तितका बॉल उंच आणि जवळ), पिचिंग वेज, सँड वेज (जवळच्या उंच शॉटला) आणि पटर (ग्रीनवर बॉल घरंगळवायला). ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, नंतर घ्या. झाडांच्या कोर्सवर नवशिक्याचा ड्रायव्हर बॉल हरवण्याच्याच कामाचा असतो. पाचचा आयर्न मात्र टाळू नका. मारायला अवघड आहे म्हणून लोक तो विकत घेत नाहीत, पण फांद्यांखालून निघायला त्याच्याइतका कामाचा क्लब नाही (प्रश्न ७ बघा).

५. टीवरून ड्रायव्हरच मारायचा का? माझा नेहमी उजवीकडच्या झाडांत जातो.

ड्रायव्हर 'मारायचाच' असं कुठल्याही होलवर लिहिलेलं नसतं. होल उलटा वाचा. झेंडा ग्रीनच्या कुठल्या बाजूला आहे? तिथे पोहोचायला फेअरवेच्या कुठल्या बाजूने मोकळी वाट आहे? त्या बाजूला बॉल ठेवायला कुठला क्लब पुरे? या क्रमाने विचार केला तर बऱ्याच पार ४ वर हायब्रिड किंवा पाचचा आयर्न निघतो. २२० यार्डांवर, पण कडुलिंबाच्या बुंध्यामागे पडलेल्या बॉलपेक्षा १८० यार्डांवर मोकळ्या बाजूला पडलेला बॉल केव्हाही बरा. झाडांच्या कोर्सवर अंतरापेक्षा बाजू महत्त्वाची. या पानावर पुढे जे काही आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आता उजवीकडे जाण्याबद्दल. स्लाइस (बॉलचं असं उजवीकडे वळणं) घालवायला वेळ लागतो, प्रशिक्षक लागतो. त्याच्यासह खेळायची युक्ती मात्र आजच वापरता येते. टीच्या दोन खुणांमध्ये बॉल कुठेही ठेवता येतो, आणि खुणांच्या मागे दोन क्लब लांबीपर्यंतही. बहुतेक जण मधोमध ठेवतात. धोका उजवीकडे असेल तर उजव्या खुणेजवळ टी रोवा आणि फेअरवेच्या डाव्या कडेवर नेम धरा. बॉल सरळ गेला तर डाव्या कडेवर, नेहमीसारखा वळला तर मधोमध. उलट करणारे खूप दिसतात. झाडांची भीती वाटते म्हणून ते डाव्या खुणेकडे सरकतात आणि तिथून नेम नकळत झाडांकडेच जातो.

एक बघण्यासारखी गोष्ट: टीबॉक्स स्वतः कुठल्या दिशेला बांधला आहे? पुष्कळदा तो फेअरवेच्या रेषेत नसतो, आणि गवत कापलेल्या पट्ट्यांना समांतर उभे राहिलात की थेट रफकडे (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवताकडे) तोंड होतं. बॉलच्या पुढे हातभर अंतरावर एखादं पान किंवा जुना डिव्हट (फटक्याने उखडलेली हिरवळ) हेरा आणि त्यावरून उभं राहा.

६. डॉगलेगचा (वळणाऱ्या होलचा) कोपरा झाडांवरून कापावा का?

कापून काय मिळतं ते आधी मोजा. कोपऱ्यावरून गेल्याने दीडशेऐवजी एकशेदहा यार्ड उरणार असतील, तर तो दोन-तीन क्लबांचा फायदा. चुकला तर मात्र एक ते दोन स्ट्रोक जातात. हँडिकॅप (खेळाच्या दर्जानुसार मिळणारे जादा स्ट्रोक) वीसच्या वर असेल तर कापू नका. होल डावीकडे वळत असेल तर फेअरवेच्या उजव्या अर्ध्यात पडा, म्हणजे कोपऱ्याची झाडं आड येत नाहीत. फार लांब मारून वळणापलीकडच्या झाडांत घुसणं ही सुद्धा तितकीच नेहमीची चूक आहे. स्कोअरकार्डवर नाही, पण कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला) वळणापर्यंतचं अंतर तोंडपाठ असतं. विचारा.

७. बॉल झाडांत गेला. बाहेर कसा काढू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

पहिला निर्णय दिशेचा. बॉलजवळ पोहोचल्यावर माणूस आधी ग्रीनकडे बघतो आणि त्या दिशेला फटी शोधतो. तसं करू नका. बॉलमागे उभं राहून पूर्ण गोल फिरा, मागेसुद्धा बघा. सगळ्यात रुंद फट कुठली, आणि तिथून बाहेर पडल्यावर फेअरवेवर थांबायला जागा किती? पुष्कळदा उत्तर असतं आडवं, नाहीतर थोडं मागे. तिथून वेजने एक छोटा धक्का, मग मोकळा शॉट. पार गेला असेल, पण बोगी (पारपेक्षा एक जास्त) अजून हातात आहे. चार फुटांच्या फटीतून ग्रीन गाठायला गेलेला बॉल बुंध्याला लागून आणखी आत गेला, तर सात-आठ लागतात. रविवारी कुणाचंही कार्ड बघा: ज्या होलवर आठ लिहिलेत, तिथे पहिला वाईट शॉट जितका महाग पडला त्याहून त्याच्या नंतरचा.

दुसरा निर्णय उंचीचा. फांद्या डोक्यावर असतील तर बॉल खाली ठेवायचा. पाच किंवा सहाचा आयर्न घ्या, ग्रिपवर दोन इंच खाली धरा. बॉल उजव्या पायाच्या दिशेला थोडा मागे, हात बॉलच्या पुढे, वजन डाव्या पायावर. बॅकस्विंग कमरेपर्यंत, आणि बॉल लागल्यावर हातही कमरेजवळच थांबवा. जोर लावलात की बॉल उचलला जातो, म्हणून संथ मारा. हा शॉट जमिनीलगत निघतो आणि खूप घरंगळतो. फेअरवे अरुंद असेल तर पलीकडच्या झाडांत जाऊ शकतो. त्यामुळे पलीकडच्या रफपर्यंत किती यार्ड, हेही आधी बघून ठेवा.

तिसरं, बॅकस्विंगला फांदी लागते का ते सावकाश फिरवून बघा. लागत असेल तर स्विंग आणखी छोटा करा. ऐन फटक्याच्या वेळी क्लब फांदीला थटला की पहिलं काम म्हणून बॉल चुकतो, आणि हवेत मारलेलाही स्ट्रोक मोजला जातो.

कॅडी म्हणाला, "साहेब, बाजूला काढा," तर काढा. त्याने त्या झाडाखाली तुमच्यासारखे शेकडो पाहिलेत.

८. झाडावरून उचलून मारता येईल का, हे कसं ओळखायचं?

एक जुनी युक्ती आहे. बॉलपासून लांब उभे राहून क्लबचं तोंड वर करून तो जमिनीवर ठेवा आणि तोंडावर पाय द्या. दांडा वर उचलला जातो आणि त्याचा कोन झाडाच्या शेंड्यावरून जातोय का ते दिसतं. युक्ती बरी, पण ती आशावादी आहे. दांडा क्लबच्या लॉफ्टइतका (तोंडाच्या तिरकेपणाइतका) कोन दाखवतो, आणि आयर्नचा बॉल सुटताना त्यापेक्षा बराच खाली सुटतो. म्हणून दांडा शेंड्याला जेमतेम चुकवत असेल तर बॉल झाडातच जाणार. दोन नंबर चढा, म्हणजे बॉल जास्त उंच उचलणारा क्लब घ्या, आणि तेवढ्याने ग्रीन येत नसेल तर येऊ देऊ नका. रफच्या दाट गवतातून किंवा उघड्या मातीवरून तर हा विचारही करू नका. झाडाच्या अगदी जवळ असाल तर प्रश्न ७ मधलं आडवं काढणंच बरं.

९. बॉल मुळांमध्ये अडकलाय. फुकट बाजूला घेता येतो का?

नाही. वड, पिंपळ, रेन ट्री यांची मुळं जमिनीवर पसरतात आणि ती कोर्सचाच भाग असतात. आहे तसा मारा, नाहीतर अनप्लेएबल घ्या (प्रश्न १०). काही क्लबांमध्ये मुळांसाठी लोकल रूल असतो, तो नसेल तर सूट नाही. मारायचं ठरवलंच तर बॉलमागचं मूळ गवताखाली लपलेलं नाही ना, ते आधी बघा. मुळावर बसलेला क्लब मनगटातून खांद्यापर्यंत झणझणतो आणि दुखणं महिनोन्महिने राहतं. मैत्रीच्या सामन्यात मुळांवरून मारायला लावणाऱ्या जोडीदाराचं ऐकू नका.

१०. अनप्लेएबल म्हणजे काय? ड्रॉप कुठे घ्यायचा?

पेनल्टी एरिया (लाल-पिवळ्या खुंटांनी आखलेला भाग, प्रश्न १६) सोडून कुठेही तुम्ही स्वतः 'हा बॉल मारण्यासारखा नाही' असं ठरवू शकता. कुणाची परवानगी लागत नाही. एक स्ट्रोक दंड आणि तीन पर्याय:

पहिला, शेवटचा शॉट जिथून मारला तिथे परत. दुसरा, झेंडा आणि बॉल यांना जोडणारी रेषा मागे वाढवायची आणि तिच्यावर हवं तितकं मागे जाऊन ड्रॉप घ्यायचा. तिसरा, बॉलपासून दोन क्लब लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता. मोजायला पटर सोडून सगळ्यात लांब क्लब, म्हणजे बहुधा ड्रायव्हर. दोन लांब्या साधारण साडेसात फूट होतात. ड्रॉप, म्हणजे हातातून बॉल सोडणं, गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही. हे २०१९ ला बदललं, पण जुन्या सदस्यांचा हात अजून खांद्यापाशी जातो.

दाट झाडीत साडेसात फुटांनी काही होत नाही, आणि दंड देऊन माणूस पुन्हा झाडामागेच राहतो. तिथे दुसरा पर्याय बघा. रेषेवर मागे गेल्यावर शेजारच्या होलचा फेअरवे येत असेल आणि ती जागा हद्दीत असेल, तर तिथूनही खेळता येतं. हा पर्याय लोकांच्या लक्षातच येत नाही.

११. आड येणारी फांदी वाकवली, मोडली तर?

मुद्दाम वाकवून किंवा मोडून तुमची लाइन, स्टान्स (उभं राहणं) किंवा स्विंग सुधारला तर दंड: स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात) दोन स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचं) ते होल गेलं. नीट उभं राहण्यासाठी पाठीने फांदी थोडी मागे सरणं अपरिहार्य असेल तर चालतं. पण मोकळं व्हावं म्हणून फांदीवर पाय देऊन उभं राहणं किंवा ती दुसरीत गुंतवणं नाही. सराव स्विंगमध्ये दोन पानं गळली आणि त्याने काही सोपं झालं नाही, तर दंड नाही. स्विंगच्या वाटेतली एकुलती एक डहाळी गळली तर आहे.

१२. खाली पडलेली पानं, काड्या, शेंगा उचलता येतात?

हो, कुठेही, बंकरमध्येही (वाळूच्या खड्ड्यातही). गुलमोहराच्या शेंगा, सुकलेली फांदी, दगड, मुंग्यांनी काढलेली मातीची ढिगुळं हे सगळं 'सुटं' धरलं जातं. अट एकच: बॉल हलता कामा नये. हलला तर एक स्ट्रोक आणि बॉल परत जागेवर. अपवाद ग्रीनचा: तिथे काडी काढताना हलला तर दंड नाही, फक्त परत ठेवा. बॉल झावळीवर किंवा जाड फांदीवर टेकलेला असेल तर जेन्गा खेळल्यासारखं हळूच काढायच्या भानगडीत पडू नका.

बाभळीचा काटा झाडाला असेल तोवर तो झाडाचा, पडला की सुटा.

१३. बॉल झाडावर अडकलेला दिसतोय. तो हरवलेला का?

तुमचाच आहे हे ओळखलं तर हरवलेला नाही. म्हणून बॉलवर खूण करायची सवय लावा. कंपनी आणि नंबर सगळ्यांचा सारखाच असतो. तीन मिनिटांच्या आत (शोधायची मुदत, प्रश्न १४) खालून, मोबाईलचा कॅमेरा झूम करून किंवा दुर्बिणीतून खूण दिसली तरी पुरते. मग अनप्लेएबल घ्या. दोन क्लब लांबी झाडावरच्या बॉलच्या बरोबर खाली जमिनीवर येणाऱ्या बिंदूपासून मोजायची. बॉल परत मिळाला नाही तरी हरकत नाही, दुसरा टाका. ओळख पटलीच नाही तर तो हरवलेला आणि प्रश्न १४ लागू.

झाड हलवायचं असेल तर आधी जोडीदारांना 'ओळखण्यासाठी हलवतोय' किंवा 'अनप्लेएबल घेणार आहे' असं सांगून मग हलवा. न सांगता हलवून बॉल पडला की वाद सुरू. आणि वर चढू नका. बॉल दोनशे रुपयांचा असतो, हाड नाही.

१४. बॉल सापडत नाही. किती वेळ शोधायचा? परत टीवर जावं लागतं का?

तीन मिनिटं, शोधायला लागल्यापासून. जुनी पाच मिनिटं २०१९ ला गेली. नाही सापडला तर एक स्ट्रोक दंड आणि जिथून मारला तिथूनच पुन्हा.

ही पायपीट वाचवायला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता दुसरा बॉल आहे. झाडांत गेल्याची शंका आली की पुढे जाण्याआधीच दुसरा मारा, आणि मारताना 'प्रोव्हिजनल' हा शब्द मोठ्याने म्हणा. नुसतं "अजून एक मारतो" म्हटलं तर तो प्रोव्हिजनल राहत नाही, पहिला बॉल मेला. मात्र बॉल फक्त लाल किंवा पिवळ्या खुंटांच्या पेनल्टी एरियातच जाऊ शकत होता, दुसरीकडे हरवायची शक्यताच नव्हती, तर प्रोव्हिजनल मारता येत नाही.

रोजच्या खेळासाठी बऱ्याच क्लबांचा एक लोकल रूल असतो: परत न जाता बॉल हरवल्याच्या जागेजवळच्या फेअरवेवर, होलच्या जवळ न जाता, दोन स्ट्रोक दंड देऊन ड्रॉप. कार्डावर असेल तरच. प्रोव्हिजनल मारला असेल तर हा पर्याय नाही.

पानगळीत, फेब्रुवारी-मार्चला, बॉल फेअरवेच्या कडेच्या पानांखालीही हरवतो. नजरेसमोर पडला होता, तरी सापडला नाही म्हणजे हरवला. क्लबाने त्या जागेसाठी वेगळी सूट जाहीर केली असेल तर गोष्ट वेगळी.

१५. प्रोव्हिजनल ग्रीनजवळ मस्त पडलाय. पहिला बॉल शोधलाच नाही तर चालेल?

न शोधणं तुमच्या हातात आहे, इतरांना थांबवणं नाही. तुम्ही प्रोव्हिजनलकडे चालत गेलात आणि तेवढ्यात तीन मिनिटांच्या आत प्रतिस्पर्ध्याने झाडाखालून हाक मारली की बॉल सापडला, तर जाऊन तो बघावाच लागतो. तुमचा असेल तर तोच खेळायचा. मात्र पहिला बॉल जिथे असावा त्याच्यापेक्षा होलच्या जवळून प्रोव्हिजनल मारून झाला असेल, तर पहिला कायमचा संपला. मॅच प्लेमध्ये हुशार प्रतिस्पर्धी अशा वेळी तुमच्यापेक्षा जास्त मनापासून शोधतो.

१६. खुंटांचे रंग एकदाचे सांगा.

पांढरे: हद्द. बॉल पूर्ण पलीकडे गेला तर प्रश्न १४ सारखंच, एक स्ट्रोक आणि परत. पिवळे: पाणी. एक स्ट्रोक देऊन परत जा किंवा बॉल जिथून आत शिरला तो बिंदू आणि झेंडा यांच्या रेषेवर मागे. लाल: पिवळ्याचे दोन्ही पर्याय, शिवाय आत शिरल्याच्या बिंदूपासून दोन क्लब लांबीत. लाल-पिवळ्याच्या आतून विनादंड मारताही येतं आणि आता क्लब जमिनीला टेकवताही येतो. निळे: बहुधा दुरुस्तीची जमीन, फुकट ड्रॉप.

१७. पावसाळ्यात बॉल चिखलात रुततो. पुसता येतो का?

आपल्या काळ्या मातीत हे रोजचंच. बॉल स्वतःच्या पडण्याने जमिनीत रुतला असेल, थोडा तरी पृष्ठभागाच्या खाली असेल, तर फेअरवेवरच नाही तर रफमध्येही फुकट ड्रॉप मिळतो. उचला, पुसा, लगेच मागच्या बिंदूपासून एक क्लब लांबीत टाका. उभं राहिल्यावर बुटाभोवती पाणी वर येत असेल तर तेही साचलेलं पाणी, फुकट सूट. बंकरमधल्या साचलेल्या पाण्यासाठी मात्र फुकट ड्रॉप बंकरच्या आतच. बाहेर यायचं तर एक स्ट्रोक.

रुतलेला नाही, नुसता चिखल चिकटलाय? मग पुसता येत नाही. क्लबाने 'प्रिफर्ड लाय' (बॉल उचलून, पुसून परत ठेवायची मुभा) लावलेलं असेल तर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ते बहुधा लावतात, ऑफिसात विचारा. चिखलासह मारायचं झालं तर चिखल ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला बॉल वळतो हे धरून नेम घ्या.

१८. कावळ्याने किंवा कुत्र्याने बॉल पळवला तर?

थांबलेला बॉल पळवला असेल आणि तुम्हाला ते दिसलं असेल किंवा जवळजवळ खात्री असेल, तर दंड नाही. मूळ जागेचा अंदाज घेऊन तिथे दुसरा ठेवा. 'असेल कावळ्याने नेला' एवढ्यावर भागत नाही, तो हरवलेला. चालता बॉल कुत्र्याला लागला तर जिथे थांबेल तिथून खेळा. फक्त ग्रीनवरून मारलेला पट कुत्र्याला लागला तर तो स्ट्रोक रद्द, पुन्हा मारा.

१९. झाडावर आग्यामोहोळ आहे आणि बॉल त्याच्या खाली. तरी मारायचा?

मुळीच नाही. मधमाश्या, विषारी साप असा जिवाला धोका असलेल्या प्राण्यांसाठी नियमात फुकट सूट आहे. जिथे धोका नाही अशी सगळ्यात जवळची, होलच्या जवळ न जाणारी जागा बघून एक क्लब लांबीत ड्रॉप घ्या. पण काटेरी झुडपं, खाजकुयली यांना ही सूट नाही, तिथे प्रश्न १०. आणि बॉल तसाही मारता येण्यासारखा नव्हता, बुंध्याच्या बेचक्यात होता, तर मोहोळ दाखवून फुकट सुटता येत नाही. मग दूर उभे राहूनच अनप्लेएबल जाहीर करा.

२०. नाशिकला बॉल मुंबईपेक्षा लांब जातो म्हणतात. खरं का?

थोडा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. हवा विरळ असल्याने दोन-अडीच टक्के फरक पडतो, म्हणजे दीडशे यार्डांवर तीन-चार यार्ड. पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा दहाच्या खाली असताना थंड हवा आणि गारठलेला बॉल मिळून तो फायदा खाऊन टाकतात. सकाळी सातला सात नंबरचा आयर्न कमी पडला तर तुमचा स्विंग बिघडलेला नाही. एक नंबर लांबचा क्लब घ्या. दुपारी परत सात.

त्याच सकाळी ग्रीनवर दव असतं. पट हळू जातो आणि कमी वळतो. आधी खेळून गेलेल्या गटामुळे दवात उमटलेल्या रेषा बघा, ओळ फुकट दिसते. दव वाळल्यावर गवताचा कल बघा: चकचकीत दिसेल तिकडे बॉल पळतो, गडद दिसेल तिकडे अडतो.

२१. वीज कडाडायला लागली. झाडाखाली थांबावं का?

नाही, नाही आणि नाही. मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरात, ढग अर्ध्या तासात जमतात. झाडांच्या कोर्सवर पाय आपोआप झाडाखाली वळतात, आणि उंच झाड हीच सर्वात धोक्याची जागा. छत्री मिटा, बॅग सोडा, क्लबहाऊसची पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा. उघडी गोल्फ कार्ट चालत नाही. कमिटीचा भोंगा वाजायची वाट बघायची गरज नाही, विजेची भीती वाटली तर खेळाडू स्वतः खेळ थांबवू शकतो. बॉलची जागा खूण करून उचला. गडगडाट ऐकू येणं थांबल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.

२२. माझा हँडिकॅप २२.४. मला कुठल्या होलवर किती स्ट्रोक मिळतात?

२०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत तो आकडा कोर्सप्रमाणे बदलतो. सूत्र: इंडेक्स (म्हणजे तुमचे २२.४) गुणिले स्लोप (कोर्स साधारण खेळाडूला किती अवघड याचा आकडा) भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला अपेक्षित स्कोअर) वजा पार. समजा स्लोप १२५, रेटिंग ७१.२, पार ७२. २२.४ चे २४.८ होतात, त्यातून ०.८ गेले, म्हणजे २४. प्रत्येक होलवर एक आणि स्ट्रोक इंडेक्स (कार्डावरचा होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ६ असलेल्या होलवर आणखी एक. काही स्पर्धांमध्ये याच्या ९५ टक्केच देतात.

याचा खेळावर परिणाम व्हायला हवा. स्ट्रोक इंडेक्स २ च्या पार ४ वर तुम्हाला दोन जादा आहेत, म्हणजे तिथे सहा हा तुमचा पार. स्टेबलफोर्डमध्ये (प्रत्येक होलला गुण देण्याच्या पद्धतीत) त्याचे दोन गुण. मग झाडामागून ग्रीन गाठायची घाई कशाला? आडवं काढा, तिसऱ्याने पुढे या, चौथ्याने ग्रीन, दोन पट.

२३. कार्ट पाथवरून (गोल्फ गाड्यांच्या रस्त्यावरून) ड्रॉप घेतला तर झुडपात जातो. दुसरीकडे घेता येईल का?

फुकट सूट 'सगळ्यात जवळच्या' जागेची असते, सोयीच्या नाही. जवळची जागा करवंदीच्या जाळीत असेल तर ड्रॉप तिथेच. म्हणून रस्त्यावरचा बॉल उचलण्याआधी ती जागा शोधून बघा. वाईट असेल तर उचलू नका, सिमेंटवरूनच मारा. क्लबला ओरखडा येईल, स्ट्रोक वाचेल. आधी उचलून मग विचार बदलला आणि परत ठेवला तर एक स्ट्रोक दंड.

२४. बॉल कुंपणाच्या भिंतीला टेकलाय, पण आत आहे. आणि झाडाची फांदी भिंतीबाहेर गेलीय, बॉल तिच्यावर. काय करायचं?

भिंत हीच हद्द असेल तर तिच्यापासून फुकट सूट नाही, पांढरा खुंट उपटताही येत नाही. आडवा पटर किंवा उलट्या हाताने मारा, नाहीतर प्रश्न १०. पाय भिंतीबाहेर ठेवून आतला बॉल मारता येतो, शेजारच्या द्राक्षबागेच्या मालकाची हरकत नसेल तर.

फांदीचं उत्तर: हद्द जमिनीवरून सरळ वर आकाशात जाते. झाडाचा बुंधा आत असला तरी बॉल पूर्ण त्या रेषेबाहेर असेल तर तो बाहेरच. उलट बुंधा बाहेर आणि फांदी आत झुकलेली, तिच्यावर बॉल असेल तर तो आत, आणि प्रश्न १३ प्रमाणे अनप्लेएबल घेता येतो.